फुगवटा

पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आलंय, हे कोल्हापुरात पोरंसोरंही सांगतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. आणखी एक गोष्ट इथं कुणाला शिकवावी लागत नाही. पाऊस उघडला म्हणून पाणी लगेच उतरेलच असं नाही. खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागं फुगत येतं. पाणी दिसतं इथं, अडलेलं असतं तिथं.

दोन कॉम्प्युटरांमध्ये मोठी फाइल पाठवताना हेच होतं. कॉपीच्या खिडकीत सेकंदाला ११२, ११३, ११२ मेगाबाइट असा आकडा छान चाललेला असतो. अर्ध्या मिनिटानं तो ४१ वर येतो, मग शून्य, मग ९०, पुन्हा शून्य. पहिलं बोट केबलकडं जातं, दुसरं स्विचकडं, म्हणजे केबली जोडणाऱ्या डब्याकडं. केबल बदलली जाते, नवा स्विच येतो, आणि आकडा पुन्हा तसाच हेलकावे खातो. कारण अडलेलं असतं पुढं, घेणाऱ्या मशीनच्या डिस्कवर. नेटवर्कमध्ये दिसतो तो तिचा फुगवटा.

आधी नदीचं पात्र केवढं आहे ते पाहू. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिट, म्हणजे १२.५ कोटी बाइट. पण प्रत्येक पाकिटाबरोबर त्याचे पत्ते, तपासणीचे बाइट आणि दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागाही तारेवरून जाते. नेहमीच्या १५०० बाइटांच्या पाकिटात तारेवरच्या १५३८ बाइटांपैकी आपला खरा माल १४४८ बाइटांचा. हिशेब केला की हाती सेकंदाला ११७ मेगाबाइट उरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथं हाच वेग ११२ दिसतो. तो दिसला की केबल, स्विच आणि नेटवर्क कार्ड आपलं काम पुरेपूर करतायत असं समजावं.

आकडा ११ च्या आसपास आणि एकदम सपाट असेल, तर मात्र खरोखरच केबल पाहावी. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी जोडी कनेक्टरमध्ये सैल झाली की लिंक बऱ्याचदा १०० मेगाबिटवर उतरते आणि कुणाला काही सांगत नाही. वायर टाकून घेतलेल्या साध्या नेटवर्कपुरतं एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं निदान होतं: सपाट रेषा असेल तर संशय नेटवर्कवर, लाटा असतील तर डिस्कवर. वायफायला हा नियम लावू नये, तिथं हवेच्याही लाटा असतात.

हा फरक केवढ्याला पडतो? लग्नाच्या शूटिंगचंच घ्या. सेकंदाला १०० मेगाबिटनं रेकॉर्ड होणारा फोर-के व्हिडिओ तासाला ४५ गिगाबाइट भरतो. तीन कॅमेऱ्यांवर मिळून साडेसहा-सात तासांचं चित्रण म्हणजे ३०० गिगाबाइट. पूर्ण गिगाबिट वेगानं ते पाऊण तासाच्या आत सर्व्हरवर जातं. डिस्क सेकंदाला ३५ मेगाबाइटच लिहीत असेल तर जवळजवळ अडीच तास. ज्याला रात्री कार्डं मोकळी करून सकाळच्या हळदीला पोहोचायचंय, त्याच्या झोपेचा हा प्रश्न आहे.

आता त्या पहिल्या अर्ध्या मिनिटाकडं वळू, कारण सगळी फसवणूक तिथंच होते. लिनक्स सर्व्हरवर (छोटे नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाइली साठवणारे बॉक्सही बहुतेक आतून लिनक्सच असतात) प्रोग्रॅमनं फाइलमध्ये काही लिहिलं, की ते थेट डिस्कवर जात नाही. ते रॅममध्ये, पेज कॅशेत जाऊन बसतं आणि प्रोग्रॅमला लगेच ‘लिहिलं’ असं उत्तर मिळतं. डिस्कवर जायची बाकी असलेल्या या पानांना, म्हणजे रॅमच्या छोट्या तुकड्यांना, ‘डर्टी’ म्हणतात. हा झाला जलाशय. नेटवर्ककडून आवक, डिस्ककडं विसर्ग. आणि या जलाशयालाही इशारा पातळी आणि धोका पातळी आहे! उपलब्ध रॅमच्या १० टक्के पानं डर्टी झाली की कर्नल (लिनक्सचा गाभा) मागच्या मागं ती डिस्कवर उतरवायला लागतं. २० टक्के ही वरची मर्यादा. ती गाठू नये म्हणून दोन्हींच्या मध्यापासूनच लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला थोडं थोडं थांबवायला सुरुवात होते. वय झालेल्या पानांचाही नियम आहे: दर ५ सेकंदांनी फेरी, आणि ३० सेकंदांपेक्षा जुनं पान असेल तर ते डिस्कवर.

१६ गिगाबाइट रॅमच्या मशीनमध्ये साधारण १५ उपलब्ध धरली, तर इशारा १.५ गिगाबाइटला, मर्यादा ३ ला. डिस्क सेकंदाला ६० मेगाबाइट लिहिणारी आहे. पहिले १३ सेकंद आवक ११७ आणि विसर्ग जवळपास शून्य. मग विसर्ग सुरू होतो, पण आवक अजूनही दुपटीजवळ आहे, म्हणून आणखी १३ सेकंदांत पातळी मध्यावर येते. म्हणजे २५-२६ सेकंद खिडकीत ११२ झळकतं, जे डिस्कला कधीच झेपणारं नव्हतं. तो वेग रॅमकडून उसना घेतलेला असतो. म्हणूनच एक गिगाबाइटची फाइल पाठवून सर्व्हरचा वेग मोजणं निरर्थक आहे. चाचणीची फाइल रॅमच्या निदान दुप्पट हवी.

आता ब्रेक लागल्यावर काय होतं? घेणारा प्रोग्रॅम डिस्कवर लिहिण्यात अडकलेला असतो, म्हणून नेटवर्ककडून वाचायला येत नाही. येणारा माल सॉकेटच्या, म्हणजे त्या जोडणीच्या, बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतो. लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये हा बफर आपोआप वाढून ६ मेगाबाइटपर्यंत जातो. ११७ च्या वेगानं ६ मेगाबाइट भरायला लागतो सेकंदाचा विसावा भाग. टीसीपीमध्ये, म्हणजे माल पोचवण्याच्या नेटवर्कच्या नेहमीच्या पद्धतीत, घेणारा प्रत्येक पोचपावतीबरोबर ‘मी अजून इतके बाइट घेऊ शकतो’ हे सांगत असतो. बफर भरत जातो तसा हा आकडा उतरतो आणि शेवटी शून्य होतो. त्याला झिरो विंडो म्हणतात. पाठवणारा तिथंच थांबतो, अधूनमधून ‘आता जागा आहे का’ म्हणून विचारतो, आणि घेणाऱ्यानं जागा झाल्याचं कळवलं की पुन्हा सुटतो. नदी आणि नेटवर्क इथं वेगळी होतात. पावसाला थांब म्हणता येत नाही. टीसीपीला येतं, आणि एक बाइट न सांडता येतं. ती शून्याची दरी बिघाडाची नसते, ती शिस्तीची असते. मला तर टीसीपीची ही सभ्यता फार आवडते.

आणखी एक बारकावा, जो साध्या बेरीज-वजाबाकीत सुटतो. काही प्रोग्रॅम एका हातानं नेटवर्ककडून घेतात, मग त्याच हातानं डिस्कवर लिहितात आणि डिस्कवर खरोखर पोहोचेपर्यंत थांबतात. लिहीत असताना नेटवर्क रिकामं, घेत असताना डिस्क रिकामी. अशा वेळी ११७ ची केबल आणि ११७ ची डिस्क मिळून ११७ होत नाहीत, ५८ च्या आसपास होतात. दोन्ही घटक सुटे तपासले तर निर्दोष, एकत्र केले तर वेग निम्मा. मधले बफर असतात ते हीच दोन कामं एकमेकांवर चढवायला.

निदान करायचं तर क्रम पाळावा, आणि एका वेळी एकच घटक तपासावा. आधी आयपर्फ३, हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम. ते रॅममधून रॅममध्ये पाठवतं, डिस्कला हातच लावत नाही. दोन्ही दिशांनी ३०-३० सेकंद चालवावं, ९४० मेगाबिटच्या आसपास आलं की नेटवर्क सुटलं. दुसरी पायरी म्हणजे खरी फाइल पाठवायची, पण घेणाऱ्या बाजूला ती डेव्ह-नल या लिनक्समधल्या कचराकुंडीत टाकून द्यायची. यात नेटवर्क आणि पाठवणाऱ्याची डिस्क तपासली जाते. तिसरी पायरी घेणाऱ्या मशीनवर, नेटवर्कशिवाय: डीडी हा आदेश वापरून एक-एक मेगाबाइटच्या तुकड्यांत रॅमच्या दुप्पट आकाराची फाइल लिहायची, आणि एफडेटासिंकचा, म्हणजे माल डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबण्याचा, पर्याय द्यायला विसरायचं नाही. तो दिला नाही तर डीडी रॅमचा वेग सांगतं आणि लोक खूश होऊन घरी जातात. चौथ्या पायरीला खरी कॉपी चालू ठेवून दोन्हीकडं पाहायचं.

पाहायचं काय? घेणाऱ्या मशीनवर एसएस हा आदेश चालवला की प्रत्येक जोडणीपुढं रिसीव्ह-क्यूचा आकडा येतो. तो सतत मोठा असेल तर माल दारात येऊन पडलाय आणि प्रोग्रॅम उचलत नाहीये. पाठवणाऱ्या मशीनवर हाच आदेश टी आणि आय पर्यायांसह दिला, तर आरडब्ल्यूएनडी-लिमिटेड अशी नोंद टक्क्यांसह दिसते: घेणाऱ्याच्या विंडोमुळं किती वेळ थांबावं लागलं. हा आकडा मोठा असेल तर केबलवर एक रुपयाही खर्च करू नये. वायरशार्क उघडलं असेल तर तिथं झिरो विंडोच्या नोंदी सरळ काळ्या पट्टीत दिसतात. त्याच वेळी घेणाऱ्यावर आयओस्टॅट (डिस्क किती गुंतलीय ते दाखवणारा आदेश) सेकंदासेकंदाला चालू ठेवावं. फिरत्या डिस्कचा वापर १०० टक्क्यांजवळ आणि प्रत्येक लेखनाला पन्नास-शंभर मिलिसेकंद लागत असतील तर गुन्हेगार सापडला. एसएसडीच्या बाबतीत ते १०० टक्के फसवे असतात, कारण ती एकाच वेळी अनेक कामं घेते. तिथं फक्त लागणारा वेळ पाहावा.

आता डिस्क मंद का होते, याकडं. इथं थोडं रेंगाळायला हवं, कारण बाजारातून आणलेल्या डिस्कच्या खोक्यावर एकच वेग छापलेला असतो आणि तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला क्षण असतो.

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ च्या वर. डोकं त्या पट्ट्यावर न्यायला आणखी ८-९. म्हणजे दर उडीला १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ८० उड्या. प्रत्येक उडीत ४ किलोबाइट लिहिले तर वेग सेकंदाला ३२० किलोबाइट. तीच डिस्क सलग लिहिताना १६० मेगाबाइट देते. पाचशे पटींचा हा फरक निव्वळ उड्यांचा आहे. म्हणून फिरत्या डिस्कवर दोन कॉपी एकदम लावणं हा वेळ वाचवण्याचा उपाय नव्हे. डोकं दोन फाइलींमध्ये येरझाऱ्या घालतं आणि एकामागून एक लावल्या असत्या त्यापेक्षा दोन्ही उशिरा संपतात. एक झाली की दुसरी, यासारखा फुकटचा उपाय नाही.

शिवाय तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त माल बसतो, आतल्या बाजूला जवळपास निम्मा. डिस्क साधारण बाहेरून भरत जाते. रिकामी असताना १६० देणारी डिस्क शेवटाकडं ८० च देते. पहिल्या वर्षी ती नेटवर्कपेक्षा वेगवान होती, तिसऱ्या वर्षी नेटवर्क तिच्यापेक्षा वेगवान झालं. कुणी काहीच बदललेलं नसतं, आणि ‘हल्ली नेटवर्क स्लो झालंय’ अशी तक्रार सुरू होते. त्यात भरलेल्या डिस्कवर मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरते, म्हणजे पुन्हा उड्या. दहा-पंधरा टक्के जागा कायम रिकामी ठेवावी.

शिंगल्ड म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढवलेले पट्टे असलेल्या डिस्क वेगळंच दुखणं देतात. कौलारू छपरातलं मधलं एक कौल बदलायचं तर आजूबाजूची उचलावी लागतात, तसं एक पट्टा बदलायला पुढचे सगळे पुन्हा लिहावे लागतात. हे लपवायला डिस्कमध्ये एक राखीव पट्टा असतो, तो भरेपर्यंत सगळं सुरळीत, मग वेग कोसळतो. नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात अशा असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं. विकत घेण्याआधी मॉडेल नंबरावरून सीएमआर (साध्या पट्ट्यांची) आहे की एसएमआर (शिंगल्ड), हे पाहूनच घ्यावं. स्वस्त एसएसडीतही हाच प्रकार वेगळ्या रूपात असतो. पेशींचा काही भाग एकच बिट ठेवणारा, म्हणून वेगवान. तो भरला की चार बिट ठेवणाऱ्या पेशींवर थेट लिहावं लागतं, आणि सेकंदाला ५०० मेगाबाइट लिहिणारी एसएसडी कधीकधी १०० च्याही खाली येते. ३०० गिगाबाइटच्या कॉपीत ही पायरी हमखास लागते, १० गिगाबाइटच्या चाचणीत कधीच लागत नाही.

रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी माल वाचेल अशा बांधलेल्या अनेक डिस्कमध्ये, छोट्या लेखनाला चार कामं करावी लागतात: जुना माल वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला माल परत काढायचा हिशेब) वाचा, नवा माल लिहा, नवी पॅरिटी लिहा. कंट्रोलरवरची बॅटरी असलेली कॅशे हे झाकून ठेवते. पण बॅटरी म्हातारी झाली की बहुतेक कंट्रोलर ती कॅशे बंद करून थेट डिस्कवर लिहायला लागतात. रातोरात वेग एक चतुर्थांश झाला असेल तर स्विच उघडण्याआधी कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती पाहावी.

उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्याचा ड्रॉइंगचा साठा पाठवायचा असेल तर गणित पुन्हा बदलतं. तिथं फाइली मोठ्या नसतात, हजारो असतात. प्रत्येक फाइलसाठी निर्देशिकेत नाव, आयनोड (फाइलच्या माहितीची नोंद), जर्नलमधली, म्हणजे बदलांच्या वहीतली नोंद, बंद करणं, वेळ-तारीख लावणं. यातलं काही नेटवर्कवरच्या फेऱ्या मागतं, काही डिस्कच्या उड्या. एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली देण्याची एक पद्धत) सर्व्हर सिंक पद्धतीनं चालत असेल तर फाइल खरोखर डिस्कवर पोहोचल्याशिवाय तो ‘झालं’ म्हणत नाही. दर फाइलला दोन-तीन फेऱ्यांचे २५ मिलिसेकंद धरले, तर २०,००० फाइलींना ५०० सेकंद. आठ मिनिटांहून जास्त, आणि यात माल पाठवल्याचा वेळ धरलेलाच नाही.

इथं उपाय सोपा आहे: टार या आदेशानं सगळं एका प्रवाहात बांधून पाठवा, आणि पलीकडच्या मशीनवर तिथल्या तिथं सोडवा. मग नेटवर्कच्या फेऱ्या उरत नाहीत आणि दर फाइलला सिंकही होत नाही. विंडोजवर रोबोकॉपीचा एमटी पर्याय एका वेळी अनेक फाइली पाठवतो, एसएसडीवर त्याचा चांगला फायदा होतो. फिरत्या डिस्कवर धागे, म्हणजे एका वेळच्या फाइली, दोन-चारच ठेवावेत. मोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी रोबोकॉपीचाच ‘जे’ (/J) हा पर्याय द्यावा, तो कॅशे टाळून सरळ लिहितो. आरसिंक (दोन ठिकाणच्या प्रती जुळवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. फाइल आधीच पलीकडं असेल तर ते तिथली जुनी प्रत वाचतं, फरक काढतं आणि नवी पूर्ण प्रत लिहितं. इंटरनेटवर यात शहाणपण आहे. गिगाबिटवर त्याच डिस्कवरून वाचणं आणि त्याच डिस्कवर लिहिणं यात डोकं पळत राहतं. तिथं मोठं डब्ल्यू (-W) हा पर्याय द्यावा, म्हणजे ते फरक न काढता पूर्ण फाइल पाठवतं.

लाटांचा त्रास होत असेल, म्हणजे कॉपी चालू असताना बाकीच्यांची सर्व्हरवरची कामं अडत असतील, तर डर्टी पानांच्या मर्यादा खाली आणाव्यात. टक्क्यांऐवजी बाइटांत द्याव्यात: इशारा ६४ मेगाबाइट, धोका २५६ मेगाबाइट, ही बरी सुरुवात आहे. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे एकदम उघडण्यापेक्षा आधीपासून थोडा थोडा विसर्ग बरा असतो, तसंच हे. यानं एकूण वेळ कमी होत नाही, झटके कमी होतात. एकूण वेळ खरोखर कमी करायचा तर येणारा माल आधी चांगल्या एसएसडीवर उतरवावा आणि रात्री तो निवांत मोठ्या डिस्कवर हलवावा.

आणि एक उपाय करू नये. ‘वेग वाढवा’ म्हणून सांगणारे लोक एनएफएसला असिंक करा, सांबाचं (लिनक्सवरून विंडोजला फाइली देणारा प्रोग्रॅम) स्ट्रिक्ट सिंक बंद करा, फाइल सिस्टीमचे बॅरिअर (लेखनाचा क्रम राखणारे अडसर) काढा असं सुचवतात. वेग वाढतो, खरंय. पण मग सर्व्हर ‘डिस्कवर पोहोचलं’ असं म्हणतो तेव्हा ते पोहोचलेलं नसतं. सांबानं ४.७ पासून स्ट्रिक्ट सिंक मुळातच चालू ठेवलं, ते याचसाठी. वळवाचा पाऊस येऊन पाच मिनिटं लाइट जाणं हे आपल्याकडं दर एप्रिल-मेमध्ये होतं. पाठवणाऱ्यानं ‘झालं’ हा शब्द विश्वासानं घेऊन कार्ड फॉरमॅट केलेलं असतं, आणि लग्न काही पुन्हा लागत नाही. यूपीएस घ्या, त्याची बॅटरी दर पावसाळ्याआधी भार टाकून तपासा, आणि सिंक तसंच राहू द्या.

साध्या कॉपीतही खिडकी बंद झाली म्हणजे माल डिस्कवर गेला असं नसतं. वरच्या हिशेबातल्या मशीनवर त्या क्षणी दोन-अडीच गिगाबाइट रॅममध्येच असतात आणि ६० च्या वेगानं ते उतरायला ४० सेकंद लागतात. सर्व्हरवर सिंक हा आदेश द्या, तो परत येईपर्यंत थांबा. नाहीतर प्रॉकमधल्या मेमइन्फो फाइलमध्ये डर्टी आणि राइटबॅक या दोन ओळी पाहत राहा. दोन्ही आकडे काही किलोबाइटवर उतरले, की मग कार्ड पुसा.